पिवळ्या पाट्या आणि उसनी अक्कल

नेदरलँड्समधल्या झूटरमेरच्या रेल्वे स्थानकाचा जिना चढून वर आलं की माणूस रस्त्यावर येत नाही, पुलावर येतो. नेल्सन मंडेलांचं नाव दिलेला हा पूल रुळांवरूनही जातो आणि ए-१२ महामार्गावरूनही. खाली द हेगकडून उट्रेख्टकडे आणि उट्रेख्टकडून द हेगकडे गाड्या वाहत असतात. प्रत्येक गाडीला मागेपुढे पिवळी पाटी. आपल्याकडे पिवळी पाटी म्हणजे टॅक्सी नाहीतर मालट्रक; त्यामुळे महाराष्ट्रातून नव्याने आलेल्याला पहिले दोन दिवस वाटतं, हा सगळा देश भाड्याच्याच गाड्यांतून हिंडतो की काय. (टॅक्सीची पाटी इथे निळी असते.)

त्या पाटीवर अक्षरं आणि आकडे मिळून सहाच चिन्हं असतात. पुलावर उभं राहून एखादी पाटी वाचावी आणि मोबाइलमधल्या गाड्यांच्या कुठल्याही ॲपमध्ये टाकावी. क्षणात कळतं: गाडी कुठल्या कंपनीची, मॉडेल कोणतं, रंग कोणता, रिकामं वजन किती, नवी असताना किंमत काय होती, रस्त्यावर पहिल्यांदा कधी आली, विमा आहे की नाही, सक्तीच्या तांत्रिक तपासणीची मुदत कधी संपते. मालकाचं नाव तेवढं मिळत नाही. विमा कंपनीच्या अर्जात हाच नंबर टाकला तर खालच्या चौकटी आपोआप भरतात. जुन्या गाड्या विकणाऱ्यांच्या ॲपमध्येही तेच. हे प्रोग्रॅम वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या संगणकी भाषांत लिहिलेले आहेत आणि ते लिहिणाऱ्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं. ‘ही गाडी कोणती?’ या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापैकी एकालाही स्वतःला येत नाही. सगळे एकाच ठिकाणची अक्कल उसनी घेतात. ते ठिकाण म्हणजे आरडीडब्ल्यू, नेदरलँड्सची वाहन-नोंदणी संस्था, आणि तिचं मुख्यालय याच गावात, युरोपावेख नावाच्या रस्त्यावर आहे.

एका प्रोग्रॅमला जमणारं काम दुसऱ्याला कसं वापरू द्यायचं, हा संगणकाच्या धंद्यातला जवळजवळ पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न आहे. त्याची उत्तरं मोजकीच आहेत आणि ती समजायला संगणक लागत नाही. शेजारणीच्या भाजणीचं थालीपीठ आवडलं तर आपण काय करतो? एक तर कृती वहीत उतरवून घेतो. नाहीतर तिच्याकडून डबाभर भाजणी आणतो. किंवा हावरेपणा करून थालीपीठ खायला तिच्याच घरी जातो. पहिल्या प्रकारात पुढे तिने धने कमी केले, तरी आपल्या वहीत जुनंच प्रमाण राहतं. दुसऱ्यात डबा संपला की, किंवा भाजणीला वास यायला लागला की, पुन्हा तिच्याकडे जावं लागतं. तिसऱ्यात काहीच करावं लागत नाही. फक्त तिचं दार उघडं असायला हवं. प्रोग्रॅमर लोक यांना अनुक्रमे कोड कॉपी करणं, लायब्ररी वापरणं आणि सेवा किंवा एपीआय वापरणं म्हणतात. नावं भारदस्त आहेत; भानगडी त्याच.

लायब्ररी हा शब्द सुरुवातीला अगदी शब्दशः खरा होता. केंब्रिज विद्यापीठातल्या एडसॅक या संगणकावर पहिला प्रोग्रॅम ६ मे १९४९ रोजी चालला. त्यावर काम करणाऱ्यांच्या लवकरच लक्षात आलं की वर्गमूळ काढणं, संख्या छापणं अशी कामं प्रत्येकाला लागतात आणि प्रत्येक जण ती नव्याने लिहितो, नव्याने चुकतो. मग अशा कामांचे तुकडे भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर तयार करून कपाटात ठेवले गेले. ज्याला हवा त्याने तुकडा काढायचा, त्याची नक्कल आपल्या पट्टीवर उतरवायची आणि मूळ परत जागेवर ठेवायचं. या तुकड्यांना सबरूटीन म्हणत. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनली गिल यांनी १९५१ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. प्रोग्रॅमिंगचं ते पहिलं पाठ्यपुस्तक मानलं जातं.

यात व्हीलरने सोडवलेली एक अडचण फार मजेची आहे. वर्गमूळ काढणारा तुकडा दहा ठिकाणांहून बोलावला जाऊ शकतो. काम संपल्यावर त्याने परत जायचं कुठे? व्हीलरची युक्ती अशी की बोलावणाऱ्याने आपला पत्ता बरोबर द्यायचा आणि तुकड्याने काम सुरू करण्याआधी तो पत्ता वापरून आपल्याच शेवटी ‘आता इकडे परत जा’ ही सूचना लिहून ठेवायची. आज ही गोष्ट प्रत्येक संगणक दर सेकंदाला असंख्य वेळा करतो आणि तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. पण याच व्हीलरने १९५२ मध्ये लिहिलं होतं की सबरूटीन तयार करून झाल्यावर ते कसं वापरायचं याचं वर्णन लिहिणं हे कदाचित सगळ्यात अवघड काम असतं. सत्तरहून जास्त वर्षं झाली. परक्याची लायब्ररी घेऊन रात्री अकराला डोकं धरून बसलेला कुठलाही प्रोग्रॅमर या मताला आजही हात वर करेल.

मराठी वाचणाऱ्या माणसाच्या खिशात अशी एक लायब्ररी रोज असते. तिचं नाव हार्फबझ. संगणकात ‘कि’ हे अक्षर आधी क आणि मग वेलांटी असं साठवलेलं असतं, कारण आपण ते त्या क्रमाने उच्चारतो. पडद्यावर मात्र वेलांटी आधी काढावी लागते. ‘अर्क’ मध्ये र आधी साठवलेला असतो, पण दिसताना तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. मराठीची खास अडचण त्याच्याही पुढची. ‘आचार्यांना’ जेवायला बोलावलं आणि ‘आचाऱ्यांना’ जेवण करायला बोलावलं, यातला फरक त्या एका अर्ध्या र च्या आकारावर उभा आहे. ज्या प्रोग्रॅमला मराठी दाखवायची आहे त्या प्रत्येकाने हे सगळे नियम स्वतः लिहायचे म्हटलं तर काय होतं, ते आपण पाहिलेलं आहे. फार जुनी गोष्ट नाही: एकेका वर्तमानपत्राचं संकेतस्थळ वाचायला त्याचा त्याचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, आणि एका प्रोग्रॅममधला मजकूर दुसऱ्यात चिकटवला की वेलांट्या सैरावैरा पळत.

हार्फबझचं काम एवढंच: तिला मजकूर द्यायचा आणि फॉन्ट द्यायचा; कोणती आकृती कुठे ठेवायची हे ती सांगते. रंग, पान, खिडकी यांच्याशी तिला देणंघेणं नाही. मूळचे इराणचे बेहदाद इस्फहबोद हे तिचे प्रमुख कर्ते. नावही फार्सीतून आलेलं; उर्दूतला हर्फ म्हणजे अक्षर, तोच हा. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस हे सगळे तीच वापरतात. म्हणजे फार्सी, अरबी, मराठी, तमिळ, ख्मेर यांच्या लिप्यांचं ज्ञान एका ठिकाणी गोळा झालेलं आहे आणि ब्राउझर लिहिणाऱ्याला देवनागरीतलं ओ की ठो माहीत नसलं तरी त्याचा ब्राउझर आचारी आणि आचार्य यांची गल्लत करत नाही. उसन्या अकलेचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता भाजणीचा डबा. लायब्ररीत सुधारणा झाली म्हणून ती सगळ्यांना लगेच मिळते असं नाही. काही प्रोग्रॅम लायब्ररीची प्रत आपल्या पोटात घेऊनच बाहेर पडतात; प्रोग्रॅमची नवी आवृत्ती येईपर्यंत आत जुनीच प्रत. दुसरी पद्धत म्हणजे संगणकावर लायब्ररी एकदाच ठेवायची आणि गरज पडेल तसं सगळ्यांनी तीच उघडायची. विंडोजवर डीएलएल म्हणून ज्या फायली दिसतात त्या या जातीच्या. जागा वाचते, सुधारणा एकदाच करावी लागते. पण १९९० च्या दशकात ज्यांनी विंडोजवर सीडी घालून प्रोग्रॅम बसवले आहेत त्यांना पुढची कथा पाठ असेल. नवा प्रोग्रॅम बसवताना तो सामायिक फायलीच्या जागी आपल्याला हवी ती आवृत्ती ठेवून जायचा, आणि दुसऱ्या दिवशी भलताच जुना प्रोग्रॅम उघडायचा बंद व्हायचा. ज्याला काहीच केलं नाही तोच मेला, असा प्रकार. याला ‘डीएलएल हेल’ असं नाव पडलं आणि ते अतिशयोक्तीचं नव्हतं.

यावरचं सगळ्यात नेटकं उत्तर नेदरलँड्समध्येच तयार झालं. उट्रेख्ट विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी २००६ मध्ये पीएचडीचा प्रबंध दिला; त्यातून निक्स नावाची प्रणाली पुढे आली. कल्पना अशी की लायब्ररी ज्या ज्या गोष्टींपासून बनली त्या सगळ्यांवरून एक लांबलचक खूण काढायची आणि ती खूण फोल्डरच्या नावातच घालायची. मग आवृत्ती जरा जरी वेगळी असली तरी फोल्डर वेगळा. दोन प्रोग्रॅमना दोन वेगळ्या आवृत्त्या हव्या असल्या तर दोन्ही शेजारी शेजारी नांदतात, कुणी कुणाच्या अंगावर जात नाही. डिस्कवर जागा जास्त जाते, पण डिस्क स्वस्त झाली आहे आणि रात्रीची झोप महाग.

इंटरनेट आल्यावर कपाटं अवाढव्य झाली. जावास्क्रिप्टचं एनपीएम, पायथनचं पायपीआय अशी भांडारं आहेत. एक ओळ लिहिली की हवी ती लायब्ररी येते, तिला लागणाऱ्या लायब्रऱ्या येतात, त्यांना लागणाऱ्याही येतात. सोय इतकी वाढली की लोक चिमूटभर मिठासाठीही दुकानात जायला लागले. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरने भांडणातून आपल्या सगळ्या लायब्रऱ्या एनपीएमवरून काढून घेतल्या. त्यांत लेफ्ट-पॅड नावाची अकरा ओळींची एक होती. तिचं काम मजकुराच्या डाव्या बाजूला मोकळ्या जागा भरून तो ठरावीक लांबीचा करणं. ती गेल्यावर जगभर मोठमोठ्या प्रकल्पांची जुळणी थांबली, कारण कुणाच्या तरी कुणाच्या तरी कुणाला ती लागत होती. काही तासांतच ती परत ठेवली गेली. माझं मत विचाराल तर अकरा ओळी वहीत उतरवून घ्याव्यात. त्यासाठी शेजारी जाऊ नये. पण बाराव्या ओळीपासून काय करावं, हे मलाही नेमकं सांगता येत नाही.

लेफ्ट-पॅड हा विनोद तरी होता. डिसेंबर २०२१ मधली लॉग४जे ची गोष्ट विनोद नव्हती. जावामध्ये लिहिलेल्या असंख्य प्रोग्रॅममध्ये ही लायब्ररी असते; काम कारकुनी, म्हणजे जे घडलं त्याची नोंद ठेवणं. तिच्यात २०१३ मध्ये कुणीतरी मागितली म्हणून एक सोय घातलेली होती: नोंदीत विशिष्ट प्रकारचा मजकूर आला तर त्यात दिलेल्या पत्त्यावर जाऊन तिथली वस्तू आणायची. म्हणजे कारकुनाने वहीत नुसतं वाक्य लिहायचं, तर हा ते वाचून अमलातही आणणार. बाहेरच्या कुणीही लॉगिनच्या चौकटीत तसला मजकूर टाकला की दूरच्या सर्व्हरवर स्वतःचा प्रोग्रॅम चालवता येत होता. धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला दहापैकी दहा गुण मिळाले. दुरुस्त आवृत्ती लवकर आली, पण खरा प्रश्न वेगळाच निघाला: आपल्याकडच्या कुठल्या प्रोग्रॅमच्या पोटात हा कारकून बसलेला आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. झूटरमेरहून ट्रामने गाठता येणाऱ्या द हेगमध्ये नेदरलँड्सचं राष्ट्रीय सायबर-सुरक्षा केंद्र आहे. त्यांनी गिटहब या संकेतस्थळावर एक उघडी यादी सुरू केली: कुठल्या कंपनीचं कुठलं उत्पादन बाधित आहे, कुठलं नाही, कुठल्याला दुरुस्ती मिळाली. जगभरातल्या लोकांनी तिच्यात भर घातली. डबे कुठे कुठे गेले याची यादी, भाजणी खराब निघाल्यावर.

या दोन्ही गोष्टींवरून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. काम वाटून घेणं सोपं असतं. त्याची देखभाल कुणाच्या गळ्यात पडते, हेच प्रत्येक पद्धतीत वेगळं असतं, आणि पद्धत निवडताना आपण खरं तर तेच निवडत असतो.

म्हणून पुन्हा आरडीडब्ल्यूकडे. इथे तिसरा प्रकार आहे: डबा नेऊन भागत नाही, थालीपीठ खायला घरी यावं लागतं. आणि यावंच लागतं, कारण वाहनांची नोंद रोज बदलते. आज घेतलेली नक्कल उद्या शिळी होते. त्यामागचा इतिहास लांब आहे. नेदरलँड्सने १८९८ मध्येच मोटारींना राष्ट्रीय क्रमांक द्यायला सुरुवात केली. पहिला क्रमांक १, ग्रोनिंगनमध्ये. १९०६ पासून हे काम प्रांतांकडे गेलं आणि नंबराआधी प्रांताचं अक्षर आलं. झूटरमेर ज्यात आहे त्या दक्षिण हॉलंडचं अक्षर एच. गंमत म्हणजे ते नंबर माणसाचे असत, गाडीचे नव्हे. गाडी बदलली तरी नंबर तोच. प्रत्येक प्रांताची वही वेगळी, त्यामुळे दुसऱ्या प्रांतातल्या पोलिसाला मालक शोधायचा तर तिकडे विचारणा करावी लागे. १९५१ मध्ये ही पद्धत मोडून देशभर एकच मालिका आणि एकच नोंदवही झाली. तेव्हापासून नंबर गाडीला चिकटतो आणि ती भंगारात जाईपर्यंत सुटत नाही. मालक बदलो, गाव बदलो.

आपल्याकडच्या वाचकाला हे वाचून थोडा हेवा वाटेल. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतर आपल्या पाट्या एमएच-०१, एमएच-१२ अशा झाल्या. पण पुण्याची गाडी घेऊन बंगळुरूला कायमचं राहायला गेलं तर बारा महिन्यांनंतर ना-हरकत पत्र, नवी नोंदणी, नवा नंबर हा वनवास ठरलेलाच. राज्य बदललं तरी नंबर न बदलणारी बीएच मालिका २०२१ मध्ये आली, तीही ठरावीक नोकरदारांसाठी. आरटीओंच्या वेगवेगळ्या वह्या एकत्र आणण्याचं काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘वाहन’ या प्रणालीने केलं, आणि एम-परिवहन ॲपमध्ये नंबर टाकल्यावर येणारी माहिती तिथूनच येते.

आरडीडब्ल्यूच्या नोंदवहीवर किती प्रोग्रॅम उभे आहेत ते पाहायचं तर गॅरेजमध्ये जावं. गाडीच्या सक्तीच्या तपासणीला इथे एपीके म्हणतात (अँड्रॉइडच्या एपीके फाइलशी त्याचा काही संबंध नाही, नव्याने आलेला प्रत्येक मराठी आयटीवाला मात्र एकदा तरी हा विनोद करतो). तपासणी सरकार करत नाही, परवाना असलेलं गल्लीतलं गॅरेज करतं. गाडी पास झाली की मेकॅनिक आपल्या संगणकावर तशी नोंद करतो. ती थेट आरडीडब्ल्यूकडे जाते आणि मुदतीची तारीख पुढे सरकते. त्याच वेळी पलीकडची प्रणाली हेही सांगते की या गाडीची नमुना-तपासणी होणार आहे की नाही. होणार असेल तर गाडी हलवायची नाही. निरीक्षक येऊन मेकॅनिकने केलेलं काम पुन्हा तपासतो. गॅरेजचं सॉफ्टवेअर कुठल्या का कंपनीचं असेना, हा संवाद सगळ्यांना सारखाच करावा लागतो. मेकॅनिकने टाकलेल्या किलोमीटरच्या आकड्याचीही नोंद होते, आणि आधीच्या आकड्यांशी तो जुळतो की नाही यावरून गाडीच्या माहितीत ‘सुसंगत’ किंवा ‘विसंगत’ असा शेरा दिसतो. मीटर मागे फिरवून गाडी विकण्याच्या धंद्याला त्याने चांगलाच चाप बसला.

पार्किंगचंही तसंच. अनेक गावांत काचेवर पावती लावायची पद्धत गेली. तुम्ही ॲपमध्ये पैसे भरता, तुमच्या नंबरावर अमुक वेळेपर्यंतचा हक्क आरडीडब्ल्यू सांभाळत असलेल्या राष्ट्रीय पार्किंग नोंदवहीत लिहिला जातो, आणि कॅमेरे लावलेली पालिकेची गाडी रस्त्यातून जाताना पाट्या वाचत त्या नोंदवहीला विचारत जाते. ॲप एका कंपनीचं, कॅमेऱ्याची गाडी दुसऱ्याची. त्यांची गाठ त्या सहा चिन्हांपुरतीच.

देशाबाहेरची गोष्ट अधिक नाजूक. १९९० च्या दशकात युरोपच्या सीमा उघडल्या तशा चोरलेल्या गाड्या एका देशातून उचलून दुसऱ्यात नव्या नंबराने नोंदवल्या जाऊ लागल्या. त्यावर उपाय म्हणून युकॅरिस नावाचं जाळं उभं राहिलं. बेल्जियम, जर्मनी, लक्झेंबर्ग, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी त्याच्या करारावर २९ जून २००० रोजी लक्झेंबर्गमध्ये सह्या केल्या, आणि त्याचं रोजचं कामकाज आरडीडब्ल्यू पाहते. यात सगळ्यांची मिळून एक मोठी वही केलेली नाही, आणि हा शहाणपणा मला फार आवडतो. प्रत्येक देशाची वही त्याच्याच घरी. फक्त प्रश्न कसा विचारायचा आणि उत्तर कसं द्यायचं, एवढंच सगळ्यांनी ठरवून घेतलेलं. जर्मनीत वेग वाढवून आलेल्या झूटरमेरकराच्या दारात दंडाचं पाकीट येतं ते या वाटेने.

झूटरमेरमध्येच केनिसनेट नावाची आणखी एक संस्था आहे. शाळांच्या संगणकी गरजा पाहणारी. ती ‘लॉगिन’ हेच काम वाटून देते. मूल शाळेच्या खात्याने एकदा आत गेलं की वेगवेगळ्या प्रकाशकांचे धडे उघडतात, प्रत्येकाकडे वेगळा पासवर्ड लागत नाही. आणि प्रकाशकाला मुलाचा खरा नागरिक क्रमांक कळू नये म्हणून त्याच्या जागी एक टोपणक्रमांक देण्याची सोयही तिथेच चालते. सामायिक सेवेचा हा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही: दार एकच असलं की काय आत जाऊ द्यायचं आणि काय नाही, ते त्या दारावर ठरवता येतं. आरडीडब्ल्यू गाडीचं वजन सांगते, मालक सांगत नाही, ते यामुळेच. आपल्याकडे २०१९ मध्ये वाहन-नोंदींची माहिती घाऊक विकायचं धोरण आलं आणि खासगीपणाचा प्रश्न उठल्यावर २०२० मध्ये ते मागे घेतलं गेलं. विकलेली प्रत मात्र परत घेता येत नाही. वहीत उतरलेली कृती पुसायला आपण शेजारणीच्या घरात शिरू शकत नाही.

आता दार उघडून द्यायचं म्हणजे काय, तेही पाहायला हवं. आरडीडब्ल्यूची खुली माहिती कुणालाही, नोंदणी न करता, विचारता येते. एक वेब-पत्ता, त्याच्या शेवटी नंबर, आणि परत येतो तो चौकटी आणि त्यांतल्या नोंदी यांचा साधा मजकूर. दीड कोटीहून जास्त वाहनांची ही यादी आहे. तिच्यात तपासणीच्या मुदतीची तारीख दोनदा येते. एका चौकटीत आठ आकडे सलग, वर्ष-महिना-दिवस असे चिकटलेले. दुसऱ्या चौकटीत तीच तारीख, पण संगणकाला तारीख म्हणून ओळखू येईल अशा रीतसर स्वरूपात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा गबाळेपणा वाटतो. या धंद्यात थोडे केस पिकलेल्या माणसाला मात्र ते पाहून हायसं वाटतं. सेवा देणाऱ्याला सुधारणा करायची असते, पण जुन्या चौकटीवर किती अनोळखी प्रोग्रॅम जगत आहेत हे त्याला कधीच कळत नाही. म्हणून जुनं काढायचं नाही, नवं शेजारी ठेवायचं. घरात सून आली म्हणून सासूबाईंची पाटी खाली उतरवत नाहीत, तसं.

दुसरी खोच माझ्या अंगावर आली. गावातल्या दहा-बारा मराठी घरांच्या गाड्यांचे नंबर त्यांनी मला आपणहून दिले होते. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: रोज सकाळी त्याने एकेक नंबर विचारायचा आणि ज्याची एपीकेची मुदत महिन्याभरात संपत असेल त्याला व्हॉट्सॲपवर आठवण करायची. पहिल्या दिवशी काहीच आलं नाही. चूकसुद्धा आली नाही. नुसता एक कंस उघडला, एक मिटला, मध्ये मोकळं. पाटीवरच्या आडव्या रेघा मी नंबरात तशाच ठेवल्या होत्या, आणि नोंदवहीत त्या नसतात. ‘असा नंबर नाही’ याचं उत्तर तिथे मौन आहे. रेघा काढल्या, सगळं सुरळीत झालं आणि दीड वर्ष मी त्या प्रोग्रॅमला विसरून गेलो.

मग एका नोव्हेंबरात दोन घरांना आठवण गेली नाही. एकाची मुदत टळून गेल्यावर त्याचा फोन आला तेव्हा मी उघडून पाहिलं. मध्यंतरी त्याच्या शेजारच्या वहिनींनी मुलाला सोळाव्या वाढदिवसाला स्कूटर घेऊन दिली होती आणि तिचाही नंबर मला पाठवला होता. मी तो यादीत टाकला होता. स्कूटरला एपीके लागत नाही. आणि ज्या वाहनाला एखादी गोष्ट लागू नाही त्याच्या उत्तरात ती चौकट रिकामी येत नाही, मुळी येतच नाही. माझा प्रोग्रॅम यादी वाचत वाचत स्कूटरपाशी आला, नसलेली तारीख शोधत तिथेच आडवा झाला, आणि त्याच्या खालच्या घरांपर्यंत पोचलाच नाही. पलीकडच्याने काहीही बदललेलं नव्हतं. मजकुराचं वर्णन लिहिलेलं होतं, व्हीलरच्या काळापासून लिहितात तसं. मी वाचलं नव्हतं.

तारीख आहे का ते आधी पाहणारी एक ओळ घातली आणि संध्याकाळी दोन्ही घरी आणि वहिनींकडे जाऊन काय झालं ते सांगितलं. वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा पुढे केला आणि म्हणाल्या, “अहो भाऊजी, स्कूटरला तपासणी नसते एवढं तर मलाही माहीत होतं. मला विचारायचंत की.”